फळांच्या पायचं सारण घट्ट कशाने करता? कॉर्नफ्लॉवर, साबुदाणा, मैदा की अजून काही?

भुसावळची_सून
मंडळी जरा मदत करा. आखाजीला (अक्षय तृतीयेला) नणंदेची पोरं पुण्याहून येणारेत आणि त्यांची फर्माईश आहे फळांचा पाय. केक नको म्हणे, केक तर रोजच खातो. आता आमच्या भुसावळला पाय म्हणजे अगदीच न पाहिलेली वस्तू नाही, रेल्वे कॉलनीत ख्रिसमसला काही घरांमधे व्हायचा, पण आमच्या घरी आखाजी म्हणजे मांडे आणि आमरस, त्यामुळे सासूबाईंना विचारून काही उपयोग नाही. पारीचं मी बघून घेईन, बटर-मैद्याची जमते मला. प्रश्न आतल्या सारणाचा आहे. घरच्या झाडाच्या कैऱ्या आहेत, पपई आहे, सफरचंदं तर बाजारात बारा महिने मिळतात. एक पाय जळगावला आईकडे पण न्यायचाय. यूट्यूबवर एक बाई म्हणते कॉर्नफ्लॉवर घाला, दुसरी म्हणते मैदाच घाला, तिसरी टॅपिओका, चौथी तर जिलेटिन म्हणते. सुरी लावली की सगळं पाणी ताटात यायला नको एवढंच माझं मागणं आहे. ओटीजी छोटा आहे, त्यात ७ इंचाचं टिन बसतं. कोण काय घालतं आणि किती घालतं ते सांगा प्लीज.

नाशकातला_जळगावकर
कॉर्नफ्लॉवर. विषय संपला.

वरणबट्टी_फॅन
नाही हो संपला दादा. सफरचंदाला ठीक आहे तुमचं कॉर्नफ्लॉवर, कैरीला नाही. कैरी आंबटढाण असते आणि आंबट पदार्थात कॉर्नफ्लॉवर जास्त वेळ शिजत राहिलं की घट्ट झालेलं परत सैल पडतं. ताई साबुदाणा वापरा, घरात असतोच.

नाशकातला_जळगावकर
साबुदाण्याचा पाय? मग वर शेंगदाण्याचं कूट पण घाला 😀

वरणबट्टी_फॅन
हसा हसा. टॅपिओका म्हणजे दुसरं काय असतं? साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचंच स्टार्च. तिकडे अमेरिकेत पायवाल्या बायका पिढ्यानपिढ्या तेच घालतायत आणि आपण खिचडी करून बसलोय.

लॅबवाला_भाऊ
दोघांचंही बरोबर आहे पण दोघं वेगवेगळ्या फळाबद्दल बोलताय. मी फूड लाइनमधे आहे म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा.

कोणतंही स्टार्च घ्या, मक्याचं, गव्हाचं, साबुदाण्याचं, त्याचे बारीक दाणे गार पाण्यात नुसते तळाला बसतात. साधारण ६० ते ७० डिग्रीला ते पाणी प्यायला लागतात, फुगतात आणि रस घट्ट व्हायला सुरुवात होते. फक्त सुरुवात. कॉर्नफ्लॉवरची पूर्ण ताकद यायला सारण ९५ डिग्रीच्या आसपास जावं लागतं म्हणजे चक्क बुडबुडे फुटले पाहिजेत, आणि ते पण कडेला नाही, मधोमध. त्यात पायमधे साखर भरपूर, साखर स्वतःच पाणी धरून ठेवते त्यामुळे स्टार्चला फुगायला अजून जास्त उष्णता लागते. बहुतेक वेळा पाय पातळ राहतो तो स्टार्च चुकीचं निवडल्यामुळे नाही, ते कच्चं राहिल्यामुळे.

दुसरी गोष्ट, स्टार्चमधे दोन प्रकारचे रेणू असतात, सरळ साखळीचा अमायलोज आणि फांद्या फुटलेला अमायलोपेक्टिन. मक्यात अमायलोज २५ टक्क्यांच्या वरच असतो, साबुदाण्याच्या स्टार्चमधे १७ च्या आसपास. अमायलोज जास्त म्हणजे गार झाल्यावर वडी पडेल असं सेट होतं, पण दिसायला धुरकट, आणि फ्रीजमधे दोन दिवस राहिलं की पाणी सोडतं. साबुदाण्याचं चकचकीत पारदर्शक होतं, पाणी कमी सोडतं, पण फार शिजवलं तर तार सुटायला लागते. आंबटाचं वर म्हटलंय ते खरं आहे, आम्ल आणि उष्णता जास्त वेळ एकत्र राहिली की स्टार्चच्या साखळ्या तुटतात.

म्हणून लिंबू पिळायचं असेल तर गॅस बंद केल्यावर पिळायचं.

धुळ्याची_मावशी
बापरे केवढं ते शास्त्र. अगं सुनबाई, कैरी किसायची, साखर घालायची आणि मंद आचेवर आटवायची, साखरांबा होतो की नाही? त्यात कोण कॉर्नफ्लॉवर घालतं? तेच भर पारीत. कैरी स्वतःच धरून राहते.

लॅबवाला_भाऊ
मावशी साखरांबा धरतो तो कैरीतल्या पेक्टिनमुळे, एकदम बरोबर. पण पेक्टिनला नीट धरायला साखर ६० टक्क्यांच्या पुढे लागते आणि सोबत आंबटपणा लागतो. तेवढी साखर म्हणजे तो जॅम झाला, पायचा एक तुकडा खाऊन पोरं दिवसभर भिंतीवर चढतील. पायमधे फळाची फोड फोड म्हणून लागली पाहिजे, म्हणून साखर कमी आणि उरलेलं काम स्टार्चकडे.

धुळ्याची_मावशी
ते बाकी खरं. पण आमच्याकडे साखरांब्याच्या साटोऱ्या करतात त्या अशाच लागतात. करून बघ कधी.

कुरडई_क्वीन
कोणीच कसं गव्हाच्या चिकाचं नाव घेत नाहीये?? आत्ता उन्हाळकाम सुरू आहे, निम्म्या खान्देशात गच्चीवर कुरडया वाळतायत. गहू तीन दिवस भिजवून वाटून गाळून जो चीक खाली बसतो तो शुद्ध स्टार्चच ना? आमच्याकडे पातेलंभर आहे, वरचं पाणी ओतून खालचा घट्ट घेतला तर पायला चालेल का? भाऊ सांगा.

लॅबवाला_भाऊ
चालेल. गव्हाचं स्टार्चच आहे ते. फक्त दोन गोष्टी बघा. एक म्हणजे तीन दिवस भिजल्यामुळे चिकाला आंबूस वास असतो, तो कुरडईत आवडतो पण सफरचंदात विचित्र लागेल, म्हणून स्वच्छ पाणी घालून ढवळून परत बसू द्यायचा, वरचं पाणी फेकायचं, असं वास जाईपर्यंत. दुसरं म्हणजे ओल्या चिकात पाणी किती आहे ते कळत नाही त्यामुळे माप चुकतं. सुती कपड्यावर पसरून वाळवून पूड करून ठेवा. घट्ट करण्याची ताकद कॉर्नफ्लॉवरपेक्षा थोडी कमी धरा आणि रंग धुरकटच येणार. मैद्यापेक्षा मात्र चांगलं, कच्च्या पिठाची चव राहत नाही.

कुरडई_क्वीन
व माय! म्हणजे आमची आजी पाय एक्सपर्ट होती आणि तिला माहीतच नव्हतं 😂
बाय द वे ते "बुडबुडे फुटले पाहिजेत" वालं ज्यांना कळलं नसेल त्यांनी चीक घोटताना बघा एकदा. आधी दुधासारखा पांढराशुभ्र असतो, मग अचानक जड होतो, हात दुखायला लागतो, आणि शिजला की काचेसारखी चमक येते, पांढरेपणा जातो. पांढरा आहे तोवर कच्चा. आमची आजी पळी उचलून बघायची आणि लगेच सांगायची अजून घोट म्हणून. पायच्या रसाचं पण तेच असणार.

लॅबवाला_भाऊ
हेच. मी एवढं लांबलचक लिहिलं ते तुम्ही चार ओळीत सांगितलं.

भुसावळची_सून
बापरे एका दिवसात किती प्रतिसाद, धन्यवाद सगळ्यांना. पण ओटीजीत मधोमध बुडबुडे येईपर्यंत थांबले तर वरची पारी काळी होणार, माझा ओटीजी वरून फार तापतो. मग काय करायचं?

ओव्हनवाली_अमळनेर
ताई छोट्या ओटीजीला एकच उपाय, सारण गॅसवर आधीच शिजवून घ्यायचं. फोडींना साखर लावून अर्धा तास ठेवा, पाणी सुटतं. ते पाणी वेगळं काढून कढईत उकळून थोडं आटवा, मग त्यात स्टार्च. थेट कोरडं टाकायचं नाही, गाठी होतात, चमचाभर गार पाण्यात किंवा थोड्या साखरेत आधी नीट मिसळून मग घालायचं. सतत ढवळत मधोमध फदफदायला लागलं की एखादा मिनिट ठेवून फोडी घालायच्या, एक वाफ, गॅस बंद. पूर्ण गार करायचं आणि मगच पारीत भरायचं. कोमट भरलं तर बटर वितळून खालची पारी पिठलं होते. मग ओटीजीत फक्त पारी भाजायची उरते. आधी १५ मिनिटं २०० वर, खालचा रॉड नक्की चालू ठेवा, मग १८० वर रंग येईपर्यंत.

माप सांगते. ९ इंची पायला साधारण ९०० ग्रॅम फळ आणि ४ टेबलस्पून कॉर्नफ्लॉवर लागतं. तुमच्या ७ इंचीला साडेपाचशे ग्रॅम फळ आणि अडीच टेबलस्पून पुरे. टेबलस्पून म्हणजे १५ मिलीचा, पोह्यांचा चमचा नाही. मैदा घेतला तर दुप्पट. साबुदाण्याची पूड कॉर्नफ्लॉवरपेक्षा किंचित जास्त, तीन धरा. सफरचंद फार रस सोडत नाही, त्याला दीड-दोन टेबलस्पून खूप झालं.

वरणबट्टी_फॅन
साबुदाण्याबद्दल एक राहिलं. अख्खा टाकू नका हं. मिक्सरला एकदम बारीक करायचा आणि मैद्याच्या चाळणीने चाळायचा, वर राहील तो परत मिक्सरला. मग फळाच्या सुटलेल्या रसात पंधरा-वीस मिनिटं भिजू द्यायचा आणि नंतर शिजवायचा. भरड राहिला तर सारणात माशाच्या डोळ्यासारखे ठिपके दिसतात आणि जाळीची पारी असेल तर वर उघडे राहिलेले दाणे ओटीजीत वाळून खडे होतात, दाताखाली कचकन येतात.

श्रावण_सोमवार
म्हणजे साबुदाण्याचा असेल तर पाय उपासाला चालेल ना?

नाशकातला_जळगावकर
पारी मैद्याची आहे हो.

श्रावण_सोमवार
राजगिऱ्याची करीन.

ओव्हनवाली_अमळनेर
राजगिऱ्याच्या पिठाला चिवटपणा नाही, लाटताना तुटणार. टिनमधे हाताने थापा आणि वरची पारी करूच नका, उघडा टार्ट करा. सारणाला शिंगाड्याचं पीठ पण चालतं, फक्त रंग मातकट येतो.

शहाद्याचा_पपईवाला
ताई पपई आमनाकडनी ली जा, आमनाकडे पपई भरीसन ट्रकच्या ट्रक दिल्लीले जातस 😊
आता मराठीत. पपईचं सांगतो, जिलेटिनवालीचं बिलकुल ऐकू नका. कच्च्या पपईत पपेन असतं, तेच मटण मऊ करायला लावतात ते, आणि जिलेटिन प्रोटीन असल्यामुळे पपेन त्याला पण खाऊन टाकतं, रात्रभर फ्रीजमधे ठेवा नाहीतर आठवडाभर, पाणीच राहणार. पिकलेल्या पपईत पपेन कमी असतं पण भरवसा धरू नका. शिजवून घेतली तर चालेल पण मग जिलेटिन हवंच कशाला, आणि आखाजीच्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जिलेटिन कशापासून करतात ते कळलं तर पाय राहील बाजूला. स्टार्चला पपेन काही करत नाही. पपई जरा टणक, पाडाला आलेली घ्या, पूर्ण पिकलेली शिजली की लगदा होते. आणि पपई नुसती मचमचीत गोड लागते, लिंबू आणि आल्याचा कीस हवाच.

चायना_ग्रास_पण_आहे
जिलेटिन नको तर अगर अगर घाला की, शाकाहारी आहे.

लॅबवाला_भाऊ
अगर पायसाठी मला नाही आवडत. ते कडक, तुटक सेट होतं, जेलीच्या वडीसारखं, फोडींना धरून राहणारा दाट रस त्यातून येत नाही. शिवाय अगर साधारण ३५-४० डिग्रीला जमतं. आत्ता भुसावळला ओट्यावर किती असतं ते बघा 😅

भुसावळची_सून
हा हा, आमच्याकडे दुपारी नळाचं पाणीच चहासारखं येतं. पण हा खरा मुद्दा आहे, सगळ्या रेसिपीत लिहिलेलं असतं पाय रूम टेंपरेचरला तीन-चार तास गार करा. आमचं रूम टेंपरेचर ४० च्या पुढे!

ओव्हनवाली_अमळनेर
म्हणूनच तर उन्हाळ्यात त्या सूचना जशाच्या तशा पाळू नका. गरम पायमधलं स्टार्च कितीही चांगलं शिजलेलं असो, ते गार होतानाच बसतं. ओटीजीतून काढल्यावर जाळीवर पंख्याखाली ठेवा, हाताला कोमट लागला की सरळ फ्रीजमधे दोन-तीन तास. पारीचा कुरकुरीतपणा थोडा कमी होईल, होऊ दे. खायच्या आधी ओटीजीत पाच-सात मिनिटं फिरवा. पारी पण सकाळी सहाच्या आत लाटा आणि टिनसकट फ्रीजरला टाका, दुपारी लाटायला गेलात तर बटर तुमच्या हातातच वितळेल.

जळगावला न्यायचा पाय आदल्या रात्री करून फ्रीजमधे ठेवा आणि न कापता टिनसकट न्या. कापलेला पाय एसटीच्या हादऱ्यात टिकत नाही मग काही पण घाला. एवढ्याशा प्रवासाला साबुदाणाच बरा, कॉर्नफ्लॉवरचं सारण हलून तुटलं की पाणी सोडतं.

रावेरची_लेक
केळीच्या जिल्ह्यात धागा आणि केळीचं कोणीच बोलत नाही, निषेध!!
केळीचा पाय करायचा तर तो वेगळ्या जातीचा, फळ शिजवायचं नाही, खाली भाजलेली पारी, मग कस्टर्ड, मधे केळीचे काप. कस्टर्ड दुधात कॉर्नफ्लॉवर आणि अंड्याचा बलक घालून करतात. यात आरारूट घालू नका, दुधात ते बुळबुळीत होतं. आणि बलक घातल्यावर कस्टर्ड करपेल किंवा फाटेल या भीतीने लवकर उतरवू नका. कच्च्या बलकात स्टार्च पचवणारं एन्झाइम असतं, ते उकळी येऊन मिनिटभर तरी शिजवलं नाही तर जिवंत राहतं, संध्याकाळी कस्टर्ड छान घट्ट दिसतं आणि सकाळी फ्रीज उघडला की ताक. कॉर्नफ्लॉवर सोबत असलं की बलक उकळीला पण सहसा फाटत नाही, बिनधास्त उकळा. अंडं चालत नसेल तर सरळ कस्टर्ड पावडर वापरा, ती मुळात कॉर्नफ्लॉवरच, त्यात रंग आणि व्हॅनिला.

धुळ्याची_मावशी
एन्झाइम वरून आठवलं, चाखलेला चमचा परत सारणात घालू नका गं. उष्टं म्हणून नाही सांगत, सारण खरंच पातळ होतं. लापशीत मी पाहिलंय.

लॅबवाला_भाऊ
मावशी १०० टक्के. लाळेत पण अमायलेज असतं, स्टार्चचे तुकडे करणारं. सारण गार व्हायला लागल्यावर उष्टा चमचा गेला तर काही वेळात फरक दिसतो.

धुळ्याची_मावशी
बघा. आम्हाला सासूने शास्त्र न सांगताच शिकवलं.

अक्कलकुव्याहून
डाबकडची स्ट्रॉबेरी थंडीत आणून फ्रीजरमधे टाकून ठेवलीये, तिचा पाय करायचाय. काय घालू?

वरणबट्टी_फॅन
साबुदाणा पूड. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी, पाणीच पाणी, आणि फ्रोझन असली की फोडीतल्या पेशी फुटलेल्या असतात, वितळली की वाडगाभर रस निघतो. तो फेकू नका, अमळनेरच्या ताईंनी सांगितल्यासारखा आटवा, निम्मा झाला की मग पूड घाला. स्टार्च वाढवत जाण्यापेक्षा पाणी कमी करणं केव्हाही चांगलं. जास्त स्टार्च घातलं की चव मरते, फळाऐवजी खळ खाल्ल्यासारखं लागतं.

नाशकातला_जळगावकर
बरं बाबा, मी कॉर्नफ्लॉवरवरची माझी सही मागे घेतो, फक्त सफरचंदापुरती ठेवतो.

ओव्हनवाली_अमळनेर
सफरचंदाला तर मैदा पण चालतो. रस कमी, वर दालचिनी, धुरकट दिसलं तर कोणाला कळतंय. सफरचंदाचा खरा त्रास वेगळा आहे, आपल्याकडे मिळतात ती लाल गोड सफरचंदं भाजली की गळून जातात. फोडींवर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवायच्या आणि निथळून घ्यायच्या. मध्यम उष्णतेला त्यातलं पेक्टिन घट्ट होतं आणि नंतर कितीही भाजल्या तरी फोडी उभ्या राहतात. हिरवी आंबट मिळाली तर सोन्याहून पिवळं.

भुसावळची_सून
मग माझं असं ठरतंय: कैरी आणि पपई दोन्हीला साबुदाणा पूड, सफरचंदाला कॉर्नफ्लॉवर, सारणं आदल्या रात्रीच गॅसवर. कैरीला साखर किती घालू?

वरणबट्टी_फॅन
साडेपाचशे ग्रॅम फोडींना २०० ग्रॅमने सुरू करा आणि चाखून वाढवा (वेगळ्या चमच्याने, मावशी बघतायत). कैऱ्या कोणत्या झाडाच्या त्यावर आहे सगळं. थोडा गूळ पण घाला वेलदोड्याबरोबर, फक्त रंग काळपट होईल.

कुरडई_क्वीन
मी वाळलेला चीक घालून सफरचंदाचा करणार आहे, कोणी थांबवू नका.

पारोळ्याची_पोर
उशिरा आले धाग्यावर. गंगाफळाच्या (लाल भोपळ्याच्या) पायला पण हेच सगळं लागू का? आमच्याकडे एवढं मोठं गंगाफळ आलंय शेतातून.

लॅबवाला_भाऊ
नाही, गंगाफळाचं गणित वेगळं आहे. तिथे गर वाटून त्यात दूध आणि अंडी घालतात आणि ती अंडीच भाजताना सारण धरतात, स्टार्चची गरज नसते. अंडी नको असतील तर दोन वाट्या गराला साधारण ३ टेबलस्पून कॉर्नफ्लॉवर थोड्या गार दुधात कालवून घाला आणि गॅसवर बुडबुडे फुटेपर्यंत घोटून मग पारीत भरा. गर आधी कोरड्या कढईत परतून पाणी उडवा, गंगाफळ शिजल्यावर पाणी फार सोडतं.

पारोळ्याची_पोर
वाफवून घेतलं तर चालेल का परतण्याऐवजी?

लॅबवाला_भाऊ
वाफवा, पण नंतर फडक्यात बांधून निथळत ठेवा तासभर, चक्क्यासारखं. कुकरमधे पाणी घालून शिट्ट्या काढू नका.